मोहाचे फूल आणि दूरचे अरण्य

रंगपंचमीच्या दोन दिवस आधी मला माझ्या भाचीचे लंडनहून पत्र आले. पत्र म्हणजे हल्लीच्या चालीचे, हातातल्या दूरध्वनीच्या काचेवर उमटणारे. पण मजकूर जुन्या पत्रांसारखा लांबलचक होता. तिच्या वस्तीतील तीस-चाळीस माणसे एका शनिवारी संध्याकाळी एका सभागृहात जमणार होती. जोडे बाहेर काढून जमिनीवर वर्तुळ करून बसावयाचे, मध्ये एक दिवा, थोडी फुले आणि काकाओची सुकलेली फळे मांडावयाची, आणि मग प्रत्येकाने मातीच्या पेल्यातून काकाओचे दाट, कडसर, कोमट पेय सावकाश प्यावयाचे. पिण्यापूर्वी ज्या अरण्यातून हे झाड आले त्याचे स्मरण करावयाचे. त्यानंतर ढोल, गिटार, बासरी, ज्याला जे येईल ते त्याने वाजवावे. गाता येईल त्याने गावे, नाचावेसे वाटेल त्याने नाचावे. प्रवेशमूल्याचा जो पैसा जमेल तो अॅमेझॉनच्या खोऱ्यातील वर्षावनांच्या रक्षणासाठी धाडावयाचा. शेवटी तिने लिहिले होते, "मामा, तुम्ही हसाल हे मला ठाऊक आहे. पण हसून झाल्यावर वर्गणी पाठवा."

एरवी मी हसलोही असतो. देव नाही, पुजारी नाही, आणि तरीही विधी, ह्या गोष्टीची आपल्याकडील सुशिक्षितांना थोडी गंमत वाटतेच. परंतु पत्र वाचले तेव्हा मी टहरौलीत होतो, आणि तिथे त्या संध्याकाळी जे पाहिले त्यामुळे हसू मागे पडले.

मराठी माणसाला झाशी माहीत असते ती राणीमुळे. झाशीच्या पलीकडे आपले मन सहसा जात नाही. वास्तविक १७२९ साली छत्रसालाच्या साहाय्यास बाजीराव धावून गेला तेव्हापासून ह्या प्रदेशाशी आपला संबंध आहे. गोविंदपंत खेर तर इकडे राहून 'बुंदेले' ह्याच नावाने ओळखले जाऊ लागले, आणि त्यांच्या घराण्याचे ठाणे पुढे गुरसरायला होते. त्याच गुरसरायच्या बाजूला, झाशीच्या पूर्वेस, बेटवा आणि धसान ह्या नद्यांच्या मधल्या मुलखात टहरौली हे तहसिलीचे गाव आहे. जमीन खडकाळ; मधूनच काळसर-तांबूस शिळांचे ढीग उभे राहिलेले. पाऊस बेभरवशाचा. एखाद्या वर्षी तो गव्हा-हरभऱ्याला पुरतो, एखाद्या वर्षी ज्वारी-तिळालाही पुरत नाही. अशा ह्या मुलखात शेतांच्या बांधांवर मोहाची जुनी झाडे आहेत. आपण ज्याला मोह म्हणतो त्यालाच तिकडे महुआ किंवा बुंदेली उच्चाराने मउआ म्हणतात.

वर्षावन आणि टहरौली ह्यांचा संबंध काय, असे आपण विचाराल. वर्षावन तिथून हजारो कोस दूर आहे. पण माझ्या भाचीच्या सभागृहात जे चालणार होते, त्याचेच एक जुने रूप तिथे माझ्यासमोर होते. गावाबाहेर एका मोहाखाली फाग रंगली होती. ढोलक, नगडिया आणि मंजिरे घेऊन दहाबारा जण गोल बसले होते, भोवती गाव. फाल्गुनात मोहाची पाने झडू लागतात आणि फांद्यांच्या टोकांना तपकिरी कळ्यांचे झुबके दिसू लागतात. फुले पडावयाला अजून तीन आठवडे अवकाश होता. परंतु गेल्या वर्षीची सुकवलेली फुले घरोघर होती, आणि त्यांची डुभरी करून आणली होती. सुकी फुले शिजवून केलेला हा दाटसर, गोड, किंचित उग्र वासाचा पदार्थ. पानाच्या द्रोणातून तो सर्वांना वाटण्यात आला. ह्यात दारूचा अंश नसतो. शहरी माणूस मोह म्हटला की प्रथम दारू आठवतो म्हणून हे सांगितले पाहिजे. बुंदेलखंडात मोह हे मुख्यतः अन्न आहे. भाजलेल्या फुलांचा मुरका, कुटून केलेला लटा, दुधात किंवा पाण्यात शिजवलेली डुभरी, आणि फळांच्या बियांचे तेल. भाद्रपदातील हलषष्ठीला मुलांसाठी उपवास करणाऱ्या स्त्रिया नांगरलेल्या जमिनीतले धान्य खात नाहीत. त्या दिवशी मोह चालतो, कारण तो कोणी पेरलेला नसतो.

माझ्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ बसले होते. सारे गाव त्यांना कक्का म्हणे. मी त्यांना भाचीच्या पत्रातली हकीकत सांगितली. त्यांनी ती लक्षपूर्वक ऐकली, आणि एकच प्रश्न विचारला : "ते झाड त्यांच्या गावात आहे का?" मी म्हणालो, नाही, ते झाड तिथल्या थंडीत जगणारच नाही. "मग ज्यांच्या गावात आहे ते गातात का?" ह्या दुसऱ्या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही. आज जे काही मी आपल्यापुढे मांडणार आहे ते त्या प्रश्नाच्या मागे मागे जाऊनच मांडणार आहे.

कक्कांना असा प्रश्न सुचावा ह्यात आश्चर्य नव्हते. ईसुरी हा बुंदेलीचा मोठा लोककवी झाशी जिल्ह्यातलाच, मऊरानीपूरजवळच्या मेढकी गावचा. एकोणिसाव्या शतकात त्याने चौकडिया फागांचा जो प्रकार रूढ केला तो आजही फाल्गुनात गायिला जातो. रजऊ नावाच्या नायिकेला उद्देशून त्याने रचलेल्या शृंगारिक फागा सर्वांना पाठ असतात. परंतु त्याची एक फाग मोहावर आहे. मोहाच्या झाडांवर कुऱ्हाडी चालू लागल्या हे पाहून तो तीत कळवळून बोलतो. माणसांना पोसणारी, भुकेच्या वेळी उपयोगी पडावीत म्हणून देवानेच लावलेली ही झाडे तोडू नयेत, असा तिचा आशय. १८९६-९७ च्या दुष्काळात बुंदेलखंड कसे होरपळले हे ज्यांनी वाचले आहे त्यांना त्या 'भुकेच्या वेळी' ह्या शब्दांचा अर्थ निराळा सांगावयास नको. म्हणजे झाडाच्या रक्षणासाठी गाणे ही गोष्ट ह्या भागाला नवी नाही. तिला शे-सव्वाशे वर्षे होऊन गेली, आणि त्या गाण्याला प्रवेशमूल्य नव्हते.

आता काकाओकडे वळू. ह्या झाडाला लिनियसने १७५३ साली जे शास्त्रीय नाव दिले त्याचा अर्थच 'देवांचे अन्न' असा आहे. त्याचे माहेर दक्षिण अमेरिकेतील अॅमेझॉनच्या वरच्या खोऱ्यात. इक्वेडोरमध्ये सापडलेल्या जुन्या भांड्यांच्या तपासणीवरून सुमारे ५,३०० वर्षांपूर्वी तिथले लोक काकाओ वापरीत होते असे २०१८ साली संशोधकांनी दाखवून दिले. तेथून ते मध्य अमेरिकेत आले. माया लोक त्याचे पेय उंचावरून दुसऱ्या भांड्यात ओतून त्याला फेस आणीत. त्यात मिरची घालीत, मका घालीत. आज्टेकांच्या बाजारात काकाओच्या बिया नाण्यांसारख्या चालत. साखर घालावयाची युक्ती युरोपीयांची. भाचीच्या पेल्यातले पेय कडू होते ते जुन्या रीतीला धरून होते एवढे खरे. बाकी तिच्या विधीचा बराचसा भाग अलीकडे जुळविलेला आहे, आणि तो जुळविणाऱ्यांनीही ते लपविलेले नाही.

ह्या झाडाची एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. त्याची फुले डहाळ्यांच्या टोकाला येत नाहीत. खोडाला आणि जाड फांद्यांना थेट चिकटून येतात. आपल्याकडे फणस तसा धरतो. फूल अगदी चिमुकले, आणि त्याचा परागसंयोग करतात त्या माशीही चिलटाएवढ्या. ही चिलटे वाढतात झाडाखालच्या ओल्या, कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यात. जमीन झाडून स्वच्छ केली, वरची सावली तोडली, पाचोळा वाळला, की चिलटे कमी होतात आणि फळ धरणे मंदावते. हे वाचताना मला टहरौली आठवली. तिथे मोह वेचणारे फुले पडावयाच्या आधी झाडाखालचा पाचोळा गोळा करून पेटवून देतात, कारण रात्री टपटपणारी पांढुरकी फुले पहाटे स्वच्छ जमिनीवर चटकन दिसतात. सोय मोठी आहे. पण त्याच विस्तवात मोहाची कोवळी रोपेही जळून जातात. कक्कांना मी हे बोललो तेव्हा ते म्हणाले, "आमची पहाट सोपी होते, नातवाचे झाड जळते."

काकाओची आजची अडचण ह्याहून मोठी आहे. जगातील निम्म्याहून अधिक कोको आज कोत दिव्वार आणि घाना ह्या पश्चिम आफ्रिकेतील दोन देशांत पिकतो. झाड अमेरिकेचे; ते तिथे लावले गेले ते वर्षावने तोडून. नुकत्याच तोडलेल्या अरण्याची माती कसदार असते, तण थोडे असते, ओल असते. पंचवीस-तीस वर्षांनी ती माती थकली की शेतकरी पुढच्या अरण्याकडे सरकतो. १९६० नंतरच्या काळात कोत दिव्वारने आपली ऐंशी टक्क्यांहून अधिक वने गमावली, आणि त्यात कोकोचा वाटा फार मोठा आहे. ज्या शेतकऱ्याने हे केले तो मात्र गरीबच राहिला. अरण्य तोडून काढलेला कोको आपल्या बाजारात येऊ देणार नाही असा कायदा युरोपीय संघाने २०२३ साली केला. पण तो अमलात आणण्याची तारीख पुढे पुढे ढकलण्यात आली. तेव्हा काकाओ पिऊन वर्षावन वाचविण्याच्या ह्या समारंभात एक विसंगती आहे ती अशी : पेल्यातले पेय कोणत्या जमिनीतून आले हे विचारल्याखेरीज, त्या पेल्याने अरण्य राखले की खाल्ले हे सांगता येत नाही.

तरीही ह्या मंडळींची थट्टा करून मोकळे व्हावे असे मला वाटत नाही. संगीताने पैसा जमविण्याची परंपरा थोर माणसांची आहे आणि तिच्यात आपल्या माणसाचाही हात आहे. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्क येथे बांगलादेशच्या निर्वासितांसाठी जी मैफल झाली ती पंडित रविशंकर ह्यांच्या तळमळीतून आणि जॉर्ज हॅरिसन ह्यांच्या पुढाकारातून. दुपारी एक आणि रात्री एक असे दोन कार्यक्रम झाले, श्रोते प्रचंड लोटले. तिकिटांचा पैसा मुलांसाठी काम करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेकडे तातडीने गेला. परंतु ध्वनिमुद्रिका आणि चित्रपट ह्यांतून पुढे जो मोठा निधी आला त्यातला पुष्कळसा करविषयक अडचणींत कित्येक वर्षे अडकून पडला, कारण करमाफीची व्यवस्था आधी करून ठेवणे राहून गेले होते. निर्वासितांची भूक तोवर थांबणार थोडीच! संगीताने हृदय हलते ते एका रात्रीत. पैसा पोचावयास मात्र कारकून लागतात, आणि चांगले कारकून लागतात.

वर्षावनांसाठीही असा प्रयत्न झालेला आहे. स्टिंग हा इंग्रज गायक ब्राझीलच्या कायापो लोकांचे प्रमुख राओनी ह्यांच्याबरोबर देशोदेशी फिरला, आणि १९८९ साली वर्षावनांसाठी एक प्रतिष्ठान निघाले. पुढे त्याच्यासाठी मैफलीही होऊ लागल्या. ह्या प्रयत्नात मला लक्षणीय वाटते ते हे की, पैसा झाडे लावण्यासाठी मागितलेला नव्हता. कायापोंच्या भूमीची हद्द कायद्याने आखून मिळावी ही मूळ मागणी होती. ब्राझीलच्या १९८८ च्या राज्यघटनेने आदिवासींचा त्यांच्या परंपरागत भूमीवरील हक्क मान्य केलेला होता. पण हक्क कागदावर असणे वेगळे आणि घनदाट अरण्यात प्रत्यक्ष सीमा मोजून घेणे वेगळे. मेंक्राग्नोती नावाच्या प्रदेशाच्या सीमा पुढच्या चार-पाच वर्षांत अशा रीतीने निश्चित झाल्या. दूरच्या गाण्याचा पैसा इथे उपयोगी पडला तो एवढ्याचसाठी की, तिथे राहणाऱ्यांनी आधीच ठरविलेल्या कामाला तो लागला.

म्हणजे कक्कांचा दुसरा प्रश्न बरोबर होता. ज्यांच्या गावात झाड आहे ते गातात का, आणि गातात तर त्यांचे कोणी ऐकते का?

ह्याचे उत्तर शोधावयास ब्राझीललाच जाण्याची आवश्यकता नाही. मोहाच्याच मागाने आपण आपल्या राज्यात येऊ शकतो. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा हे गोंडांचे लहानसे गाव आहे. शेजारच्या लेखा गावावरून त्याला मेंढा-लेखा म्हणतात. मोह तिथेही आहे, रेला गाणी आहेत, नाच आहे. गेल्या शतकाच्या नवव्या दशकात ह्या गावाने ठरविले की आपले मोडलेले घोटुल पुन्हा उभारावयाचे. घोटुल म्हणजे गावच्या तरुण मुलामुलींनी जमण्याची, गाण्याची, नाचण्याची, वडीलधाऱ्यांकडून शिकण्याची जागा. त्यासाठी त्यांनी जंगलातून लाकूड आणले. वनखात्याच्या दृष्टीने ती चोरी ठरली आणि उभारलेले घोटुल पाडण्यात आले. पण आजूबाजूची गावे ह्यावरून एकत्र आली आणि त्यांनीही घोटुले उभारावयास घेतली. शेवटी खात्याला माघार घ्यावी लागली. गाण्याची एक जागा हवी एवढ्यावरून, हे जंगल कोणाचे, हा मोठा प्रश्न उभा राहिला.

ह्यापुढचा इतिहास पुष्कळांना माहीत आहे. देवाजी तोफा आणि त्यांचे गावकरी ह्यांनी सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत घालून घेतली; एकाचाही विरोध असेल तर निर्णय थांबे. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर २००९ साली ह्या गावाला सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू तोडून विकण्यासाठी लागणारा वाहतुकीचा परवाना अडून राहिला; तो एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश ह्यांनी स्वतः गावात येऊन ग्रामसभेच्या हाती दिला. ज्या बांबूचा पैसा तोवर बाहेर जात होता तो गावाच्या खात्यात येऊ लागला, आणि जंगलाची राखण, विहिरी, मजुरी ह्यांचे निर्णय तेथेच होऊ लागले. कोणाच्या देणगीची वाट पाहावी न लागता अरण्य राखता येते ते असे.

टहरौलीत हे नाही. फागेच्या वेळी एक थाळी फिरली, आणि तीत नोटा पडल्या, त्या वादकांसाठी. झाडासाठी थाळी फिरलेली मी पाहिली नाही. मोह तिथे वनात नसून बांधावर आहेत. झाड कोणा एकाच्या शेतात, फुले त्याची, पण झाड जगविण्याची जबाबदारी कोणाचीच नाही. आज जी झाडे फुलतात ती पणज्यांच्या वेळची. नवे झाड फुलावयास दहा वर्षे तरी लागतात, आणि तोवर ते जनावरांच्या तोंडातून वाचले पाहिजे. इथे बुंदेलखंडातील एक मोठे दुखणे आड येते. तिकडे त्याला अन्ना प्रथा म्हणतात. चाऱ्याच्या टंचाईत, आणि आता बैलांचे काम यंत्रांकडे गेल्यामुळे बारमाही, भाकड गुरे मोकळी सोडून दिली जातात. रात्ररात्र जागून शेतकरी आपला गहू त्यांच्यापासून राखतो. मोहाचे रोप राखावयास त्याला तिसरा डोळा कोठून आणावयाचा? पोटासाठी घरातली तरणी माणसे दिल्लीकडे, सुरतेकडे गेलेली असतात. फाग गाणाऱ्यांत पन्नाशीच्या आतला एकच जण मला दिसला, आणि तोही होळीपुरता आला होता.

घरी परतल्यावर मी भाचीला उत्तर लिहिले. वर्गणी पाठविली, कारण मागितली होती. सोबत दोन गोष्टी विचारल्या. पेल्यातला काकाओ कोणत्या देशातून, कोणत्या प्रकारच्या बागेतून येतो हे तुमच्या मंडळींना माहीत आहे काय. आणि जमलेला पैसा ज्यांना जातो त्यांच्या हाती त्या अरण्याचा कागद आहे काय, की ते केवळ अरण्याच्या जवळ राहणारे आहेत? मला वाटले होते ती रागावेल. ती रागावली नाही. पंधरा दिवसांनी तिचे उत्तर आले. तिने आयोजकांना विचारले होते. काकाओ पेरू देशातील एका सहकारी संस्थेकडून येतो आणि तो सावलीत वाढविलेला आहे, एवढे त्यांनी तत्काळ सांगितले. दुसऱ्या प्रश्नाला मात्र कोणाकडेच उत्तर नव्हते. म्हणून पुढच्या खेपेचा पैसा धाडण्यापूर्वी ते उत्तर मिळवावयाचे असे त्या वर्तुळात बसून ठरले. काही जण ह्यामुळे हिरमुसले. संध्याकाळीचा गोडवा गेला असे त्यांचे म्हणणे. ते म्हणणेही मी समजू शकतो. फाग चालू असता मीच कोणाला सातबाऱ्याचा उतारा मागितला असता तर मला कोणी द्रोण पुढे केला नसता.

पत्राच्या अखेरीस तिने एक मागणी केली होती. डुभरीचे वर्णन तिला फार आवडले होते, आणि पुढच्या जमावात काकाओबरोबर मोहही ठेवावा असे तिच्या मनात होते. तेव्हा किलोभर सुकी फुले मिळतील काय? मी टहरौलीला निरोप धाडला. कक्कांचा उलट निरोप आला तो चैत्र संपताना. फुले यंदा थोडी पडली. ऐन वेचणीच्या दिवसांत वळवाचा पाऊस आला आणि भिजलेली फुले काळी पडली. ज्या मोहाखाली आपण बसलो होतो त्याची मोठी फांदी वादळात मोडली आहे. घरापुरती फुले राखली आहेत, हलषष्ठीला लागतात. मुलीला सांगा, पुढच्या चैत्रात पाहू.